हाक मारणारा मागे बसतो

१

सप्टेंबरचा तिसरा शनिवार, सकाळचे सव्वासहा. कोलोरॅडोच्या डोंगरातलं सरकारी जंगल, उंची साडेनऊ हजार फूट. वारा पडलेला होता आणि रात्रीचं दहिवर जमिनीवर गोठून पांढरं झालं होतं. माणसं दोन. त्र्यंबक वैरागडे, शॉमबर्गच्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा, साठीला टेकलेला गृहस्थ. आणि त्याची बायको गिरिजा.

तिसरं माणूस नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे ज्यांनी ज्यांनी या प्रकाराचा निकाल लावला त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, आणि ‘नव्हतं’ हे उत्तर मिळाल्यावर बाकीचं ऐकून घ्यायची तसदी कोणी घेतली नाही.

त्र्यंबक एका आडव्या पडलेल्या झाडामागे एका गुडघ्यावर बसला होता. हातात धनुष्य, दोरीवर बाण. गिरिजा त्याच्या मागे, हाकेच्या अंतरावर, एका जाड फर वृक्षाच्या बुंध्याला पाठ लावून बसली होती. ती त्याला दिसत नव्हती. दिसू नये अशीच बसली होती. तिचं काम हाक मारायचं, त्याचं काम गप्प राहायचं.

तिने तोंडातल्या शिट्टीतून एल्क हरणाच्या मादीसारखी एक हळू हाक मारली. त्र्यंबकने समोरच्या उतारावर नजर लावली. बराच वेळ काही नाही. मग समोरून, खालच्या अ‍ॅस्पेनच्या झाडांच्या गर्दीतून आवाज आला.

“अहो.”

गिरिजाचा आवाज. शंका घ्यायला जागाच नव्हती. ‘अ’ वर चढलेला, ‘हो’ खाली घसरत लांबलेला, शेवटाला किंचित हेल.

पण गिरिजा मागे होती. आणि गिरिजाला आवाज नव्हता. फेब्रुवारीपासून नव्हता.

२

गळ्यातली गाठ साधी निघाली होती. कॅन्सर नाही म्हणून घरात शिरा झाला. शिरा संपला, टाके सुकले, तरी आवाज काही परत येईना. गाठ काढताना आवाजाची नस दुखावली गेली होती. सर्जनने शांतपणे सांगितलं की अशी शक्यता असते, तसं आम्ही आधी कळवलं होतं, खाली तुमची सही आहे. एका बाईचा गळा गेला आणि त्या लोकांच्या बोलण्यात ती ‘शक्यता’ होती. वर्षभरात आवाज आपोआप परत येऊही शकतो, ही दुसरी शक्यताही त्यांनी जाता जाता त्याच सुरात सांगितली. त्र्यंबक त्या दुसऱ्या शक्यतेला धरून बसला होता.

गिरिजाचा आवाज काही गाण्याचा नव्हता. चार भावांच्या घरात, नागपुरात वाढलेली बाई. गच्चीवरून फाटकापर्यंत हाक पोचवायची सवय. ती सवय तिने अमेरिकेत आणली आणि शॉमबर्गच्या घरात स्वयंपाकघरापासून बेसमेंटपर्यंत वापरली. बेसमेंटमध्ये त्र्यंबकचं ऑफिस होतं.

पहिली हाक साधी असायची. “अहो.” खालून उत्तर जायचं, “आलो गं.” आणि तो यायचा नाही. दुसऱ्या हाकेला कारण जोडलेलं असायचं: अहो, पोळ्या गार होताहेत. “आलो गं.” तिसरी हाक धारदार असायची, तिच्यासोबत कुठलं तरी झाकण आपटायचं, आणि मग जिन्यावर पावलं वाजायची. चौथ्या हाकेची वेळ एकतीस वर्षांत कधी आली नाही. मुलगी अदिती लहानपणी बाहुल्यांशी हाच खेळ खेळायची. एक बाहुली म्हणायची ‘अहो’, दुसरी म्हणायची ‘आलो गं’, आणि दुसरी बाहुली जागची हलायची नाही.

ऑपरेशननंतर गिरिजाची कुजबुज तेवढी उरली. कानाशी तोंड नेलं तरच कळणारी. तिने स्टीलचा डबा आणि चमचा घेतला. टण, टण, टण. पहिल्याच टणला त्र्यंबक वर हजर. सांगितलं कोणी नव्हतं. पण ‘आलो गं’ म्हणणं त्याने त्या दिवसापासून सोडलं. हाकच राहिली नाही त्या घरात ओ कुठल्या तोंडाने द्यायची? नुसताच यायचा, आणि ओट्याशी उभा राहायचा.

असे दोन आवाज त्या घरातून एकाच दिवशी गेले.

मार्चमध्ये त्याने तिच्या नकळत सगळे जुने फोन काढून चार्ज केले. गणपतीची आरती होती. अदितीचा पदवीदान समारंभ होता. तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकात गिरिजाने केलेली खाष्ट मामी होती, अख्खी दोन अंकी. पण ‘अहो’ कुठेही नव्हतं. आरती कोणीही रेकॉर्ड करतं, ‘अहो’ कोण करतं?

३

शिकारीचं खूळ सहा वर्षांपूर्वीचं. ऑफिसातल्या डेल नावाच्या मित्राने एल्कच्या मटणाचं एक पाकीट दिलं. एल्क म्हणजे जवळजवळ घोड्याएवढं हरीण, नराच्या डोक्यावर झाडाच्या फांद्यांसारखी शिंगं. गिरिजाने काळा मसाला घालून त्याचा असा तर्रीबाज रस्सा केला की डेल रडत रडत तीनदा वाढून घेऊन गेला आणि परतफेड म्हणून त्र्यंबकला जंगलात घेऊन गेला. तेव्हापासून दर सप्टेंबरात त्र्यंबक धनुष्य घेऊन जायचा आणि सर्दी घेऊन परत यायचा. वैरागड्यांच्या सात पिढ्यांत कोणी उंदीर मारला नाही आणि हे निघाले एल्क मारायला, असं गिरिजा मंडळाच्या पिकनिकला सगळ्यांदेखत सांगायची, आणि सगळ्यांबरोबर तोही हसायचा.

सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा महिना. नर मादीच्या आवाजामागे वेडा होऊन येतो. मादीची हाक आखूड असते. वर सुरू होते, खाली घसरते. डेलने ती पहिल्यांदा शिट्टीवर काढून दाखवली तेव्हा त्र्यंबकला हसू आवरेना. डेलला कारण समजावता समजावता नाकी नऊ आले. ही हाक आपण दोन दशकं बेसमेंटमध्ये ऐकतोय, एवढंच शेवटी त्याने सांगितलं. शिट्टी म्हणजे टाळूला लावायचा एक रबरी पडदा. त्र्यंबक त्यात मनातल्या मनात ‘अहो’ म्हणायचा आणि बरी हाक निघायची.

एप्रिलमध्ये आवाजाच्या थेरपिस्टने गिरिजाला श्वासाचे व्यायाम दिले. ते कंटाळवाणे होते म्हणून तिने खणातली ती शिट्टी काढून उकळत्या पाण्यातून काढली, तोंडात धरली आणि स्वयंपाकघरात उभी राहून फुंकली. त्र्यंबक बेसमेंटमधून दोन दोन पायऱ्या चढत वर आला. शिट्टीतून ‘अहो’ आलं होतं. शब्द नव्हते, गळा नव्हता, पण तो चढ, ती घसरण, शेवटचा हेल सगळं होतं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग गिरिजाने ओढणीने शिट्टी पुसली आणि त्याने उगाचच फ्रिज उघडून बंद केला.

या वर्षी म्हणूनच ती बरोबर आली होती. कुजबुजत म्हणाली होती, “निदान तिथे तरी माझा आवाज कोणाला तरी कळेल.”

४

डेलने शिकवलेल्या सगळ्या विद्येचं सार एकच होतं. हाक मारणारा मागे बसतो. नर जिथून आवाज येतो त्या जागेवर डोळे लावून चालत येतो, आणि त्याच्या वाटेत, आवाजाच्या बऱ्याच पुढे, बाणवाला गप्प बसलेला असतो. ज्याचा आवाज येतो तो काही करत नाही. करणारा मधे असतो, आणि त्याचा आवाज येत नाही.

बाकीच्या युक्त्या याच्याच पोटातल्या. सुरुवात हळू करायची. फार बोलवायचं नाही. नर अर्ध्या वाटेत अडला, मादी दिसल्याशिवाय पुढे येईना, तर हाक मारणाऱ्याने आणखी मागे जायचं, तोंड फिरवायचं आणि पाठमोरं हाकारायचं, म्हणजे त्याला वाटतं ही चालली. मग एकदम गप्प व्हायचं. बोलावण्याला नर दाद देत नाही, पण शांतता त्याला सोसत नाही. आणि एक गोष्ट डेल पुन्हा पुन्हा बजावायचा: हाकेत घाई नको, राग नको. शेवटपर्यंत पहिल्यासारखी गोड.

शुक्रवारी संध्याकाळी, गाडी लावली तिथेच, त्यांनी सराव केला. उजेड अजून होता. गिरिजाने एक हाक मारली. समोर मोकळं कुरण होतं, पलीकडे अ‍ॅस्पेनची झाडं. थोड्या वेळाने तीच हाक परत आली.

“एको,” त्र्यंबक म्हणाला.

गिरिजाने आणखी एक मारली. या वेळी तिचा श्वास मधेच तुटला आणि हाकेत एक छोटी खाच पडली. परत आलेल्या हाकेतही ती खाच होती. एकोमध्ये ती असणारच. पण त्र्यंबकला जेवताना आठवत राहिलं की समोर कुरण होतं. कडा नव्हता, भिंत नव्हती. आवाज ज्याच्यावर आपटून परत यावा असं तिथे काही नव्हतं. आणि एको इतका वेळ घेत नाही.

त्याने ते गिरिजाला सांगितलं नाही. ती आनंदात होती. फोल्डिंगच्या खुर्चीत बसून शंकरपाळे खात होती आणि खुणेनेच विचारत होती, कशी होती माझी हाक? त्याने हात जोडून दाखवले.

५

तर शनिवारी सकाळी समोरून ‘अहो’ आलं.

त्र्यंबकने पहिल्यांदा स्वतःच्या कानावर संशय घेतला. उंचीवर कानात दडे बसतात. मग आठवणीवर घेतला. सात महिने जे ऐकायला तरसतो ते माणसाला ऐकू येतं, त्यात नवल नाही. तो मागे वळला. फरचा बुंधा तेवढा दिसत होता. आता शिट्टी वाजली तर प्रश्न मिटेल, असं म्हणून त्याने वाट पाहिली. शिट्टी वाजली नाही.

“अहो.” पुन्हा समोरून. तेवढंच हळू.

आणि तेव्हा त्याच्या डोक्यात ती दुसरी शक्यता उभी राहिली. आवाज परत आला असेल. असा अचानकच येतो म्हणतात. तिने शिट्टी काढली असेल, खोकली असेल, आणि गळ्यातून काहीतरी उमटलं असेल. बसवेना म्हणून ती वळसा घालून खाली उतरली असेल, आणि आता तिथून हाक मारून बघत असेल, पोचते का. म्हणून तर मागून शिट्टी येत नाही. सगळं कसं बरोबर जुळत होतं. जे हवं असतं त्याला पुरावे फार पटकन गोळा होतात.

त्याने बाण काढला, धनुष्य आडव्या झाडावर ठेवलं आणि उठून उभा राहिला. शिकारीच्या सहा वर्षांत त्याने हे कधी केलं नव्हतं. ‘आलो गं’ ओठांपर्यंत आलं. ते त्याने गिळलं. या वेळी नुसतं म्हणायचं नाही, जायचं, असं त्याने ठरवलं आणि तो उतार उतरू लागला.

गवत पायाखाली करकरत होतं. अ‍ॅस्पेनची पानं पिवळी पडली होती, आणि वारा नसल्यामुळे एकही हलत नव्हतं. बुंधे पांढरे, एकाला लागून एक. तो पहिल्या झाडांपाशी थांबला. ती दिसेल असं त्याला वाटलं होतं. तिची निळी टोपी होती. निळं काही दिसलं नाही.

तो थांबला तसा आवाज लांब गेला. आणि तोंड फिरवल्यासारखा आला, पाठमोरा.

“अहो.”

अडलेला नर, असं त्याच्या डोक्यात कुठेतरी कोणीतरी म्हणालं. त्याला ते स्पष्ट ऐकू आलं. ती चालली असं वाटायला लावतात, हे त्याला पाठ होतं. तरीसुद्धा ‘ती चालली’ एवढंच त्याच्या पायांना कळलं. तो झाडांत शिरला.

मग एकदम शांतता झाली.

त्याने वाट पाहिली. पक्षी नाही, खार नाही. स्वतःचा श्वास तेवढा. गिरिजाला आत्ता कुठे आवाज आला होता आणि ती पुन्हा गप्प झाली होती. आवाज पुन्हा गेला की काय? बरं वाटलं म्हणून जोरात हाक मारली आणि नस पुन्हा दुखावली? त्याला धीर धरवेना. तो शांततेतच पुढे सरकत राहिला.

६

“अहो.”

ही चौथी हाक होती. पहिल्या हाकेइतकीच गोड. त्र्यंबक दोन पावलं आणखी गेला आणि त्याला उगाचच अवघडल्यासारखं झालं. काय चुकतंय ते कळेना.

“अहो.”

पाचवी.

तो जागच्या जागी थांबला. गिरिजा पाचव्यांदा हाक मारते आणि आवाजाला धार नाही? पोळ्या नाहीत, चहा नाही, ‘कान फुटले का’ नाही, झाकण नाही? एवढी गोड, एवढी सोशिक, एवढी न थकणारी बायको त्र्यंबक वैरागडेच्या नशिबात कधी नव्हती. त्याला दुसरी कुठली नकोच होती. ही बायको नव्हे. बायको वाट पाहताना चिडते. न चिडता बोलावतो तो फक्त हाक मारणारा.

आणि हाक मारणारा मागे बसतो.

हे लक्षात आल्यावर त्याने आवाजाच्या दिशेने बघणं सोडलं आणि मधे बघितलं. तो उभा होता तिथपासून आवाजापर्यंत पांढरे बुंधे होते. सगळे सरळ. एक मात्र खालच्या बाजूला जरा जाड होता, कमरेच्या उंचीपर्यंत, जणू त्याला लागून दुसरं काही उभं आहे. त्र्यंबक बघत राहिला. ते जे जाड होतं त्याला एक कोपर होतं. एक गुडघा जमिनीला टेकलेला, दुसरा पाय पुढे, एक हात समोर ताठ धरलेला, मान किंचित कललेली. स्वतः त्र्यंबक सहा वर्षं बसत आला होता, नेमकं तसंच. रंग बुंध्याचाच. चेहऱ्याच्या जागी काय होतं ते दिसलं नाही. त्याने दिसू दिलं नाही, नजर खाली नेली. खाली नेता नेता तो जाड भाग श्वास घेऊन थोडा रुंद झाला.

तेव्हा वरून, मागून, अख्ख्या जंगलात घुमला असा आवाज आला.

टण, टण, टण.

स्टीलचा डबा आणि चमचा. एल्कच्या जंगलात असला आवाज करणाऱ्याला डेलने जन्मभर माफ केलं नसतं. थांबलाच नाही तो आवाज. तिसऱ्या हाकेचा राग, चौथीचा, पाचवीचा, सात महिन्यांचा सगळा राग त्यात होता. टण टण टण टण टण. त्र्यंबक वळला आणि चढावर धावत सुटला. पहिल्याच टणला. मागून पुन्हा एक ‘अहो’ आलं, तेवढंच गोड. त्याने वळून पाहिलं नाही.

७

गिरिजा बुंध्यापासून दूर, मोकळ्यात उभी होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात चमचा. शंकरपाळे दहिवरावर सांडलेले. तो आला तरी ती वाजवतच होती. त्याने तिचे दोन्ही हात धरले तेव्हा थांबली.

दोघं गाडीकडे निघाली. निघण्यापूर्वी त्र्यंबकने एकदा, तिच्या खांद्यावरून, ती टेकून बसली होती त्या झाडाकडे पाहिलं. धनुष्य खाली आडव्या झाडावरच राहिलं. गाडीत बसल्यावर त्याने दारं लॉक केली, हीटर लावला आणि तिची बोटं आपल्या तळव्यांत घेऊन चोळली.

गिरिजा त्याच्या कानाशी आली. तिचा श्वास गरम होता आणि त्याला शंकरपाळ्यांतल्या वेलदोड्याचा वास होता.

“कुठे गेला होतात?”

“तू बोलावलंस,” तो म्हणाला. “म्हणजे, तू बोलावलंस का?”

तिने खिशातून शिट्टी काढून दाखवली. नाही म्हणून मान हलवली. पुन्हा कानाशी आली. कुजबुजीत राग आणि रडू वेगळं कळत नाही, पण दोन्ही होतं.

तिचं म्हणणं असं की तिने पहिली हाक मारली आणि तिला ओ आली. त्र्यंबकच्या आवाजात, अगदी बेसमेंटमधून यावी तशी. ‘आलो गं.’ तिला वाटलं, राहिलं एल्क बाजूला, यांना जुना खेळ सुचलाय. तिला बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी ऐकलं होतं. तिने शिट्टी काढून ठेवली आणि नुसतं ओठांनी ‘अहो’ म्हटलं, आवाज न करता, गंमत म्हणून. त्यालाही ओ आली.

“कुठून?”

“मागून,” गिरिजा म्हणाली. “तुम्ही तर पुढे होतात.”

त्र्यंबकने विचारलं की मग डबा कधी वाजवलास. काचेवर वाफ धरली होती. तिने ती पुसली, बाहेर बघितलं, आणि पुन्हा त्याच्या कानाशी आली.

“प्रत्येक वेळी जवळून येत होतं. शेवटचं तर इतकं जवळून की मोठ्याने म्हणायची गरजच नव्हती.” तिने त्याचा कोट घट्ट धरला. “आयुष्यात तुम्ही ‘आलो गं’ म्हणून कधी आला नाहीत हो. हा येत होता.”

८

वन्यजीव खात्याच्या माणसाने अर्धवट ऐकून घेतलं आणि सांगितलं की या भागात ‘जे’ नावाचा पक्षी आहे, तो नकला करतो. तिसरं माणूस नव्हतं ना? मग पक्षीच. त्र्यंबकने विचारलं, की फक्त घरातच उच्चारलेला, कुठेही रेकॉर्ड न झालेला शब्द हा पक्षी नागपुरी हेलात कुठून शिकला. त्यावर उत्तर आलं की एल्कच्या हाकेचाच भास झाला असेल. डेलने उंची आणि अपुरी झोप सांगितली. कॅरीला राहणाऱ्या अदितीने फोनवर दोघांना समजावलं, “बाबा, यू आर बोथ ग्रीव्हिंग अ व्हॉइस. इट हॅपन्स.” पोरगी प्रेमानेच बोलली. तिच्याशी वाद घातला नाही.

आता त्र्यंबकचा लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर असतो. गिरिजा पोळ्या करते, तो काम करतो, मीटिंगमध्ये पलीकडच्या लोकांना लाटण्याचा आवाज जातो. जाऊ दे, तो म्हणतो. हाक मारायची वेळच येऊ नये इतक्या जवळ तो बसतो. तिला काही हवं असलं तर ती पिठाच्या हाताने त्याच्या खांद्याला टोचते, आणि त्याच्या सगळ्या गडद शर्टांच्या खांद्यांवर पांढरे ठिपके आहेत. शिट्टी कचऱ्यात गेली. बेसमेंटचं दार लावलेलं असतं. संध्याकाळी त्या दारापाशी दोघांपैकी कोणी उगाच थांबत नाही.

एक गोष्ट मात्र त्र्यंबकने गिरिजाला सांगितलेली नाही. वन्यजीव खात्याच्या माणसाला सांगितली, त्याच दुपारी त्या माणसाला घेऊन धनुष्य आणायला गेला तेव्हा दाखवलीही. तो वाकला, हात लावून बघितला, आणि म्हणाला, हरीण बसलं असेल. एल्क बसतं तेव्हा बाथटबएवढं गवत दबतं, हे त्याला शिकवायची गरज नसावी. दुपारी दहिवर उरलं नव्हतं, म्हणून त्याने जे पाहिलं ते अर्धंच होतं. पूर्ण सकाळी दिसलं होतं, गिरिजाच्या खांद्यावरून, निघण्यापूर्वी.

ती ज्या फरला पाठ टेकून बसली होती त्याच्या मागच्या अंगाला, तिच्या पाठीपासून हातभर अंतरावर, झाडाच्या वाळलेल्या सुयांमध्ये दोन गुडघ्यांचे खळगे होते. तिच्याकडे तोंड करून. सगळीकडे दहिवर पांढरं गोठलेलं होतं. त्या दोन खळग्यांत तेवढं वितळून पाणी झालं होतं, आणि त्यातून अजून वाफ निघत होती.